टॉवेलवर मास्टर्स

परदेशात शिकून आलेल्या माणसाला सोलापुरात दोनच प्रश्न विचारतात: खर्च किती आला, आणि परत का आलीस. दुसऱ्याचं उत्तर मी बहुतेक वेळा गिळते. पहिल्याचं देते, कारण विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, सात रस्त्यावरच्या कुठल्यातरी कन्सल्टन्सीत जाणं-येणं सुरू झालेलं असतं, आणि त्या काकूंना खरोखरच आकडा हवा असतो.

तर ऐका. मी सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला गेले, टेक्स्टाइलमधलं एक वर्षाचं मास्टर्स करायला. फी बावीस हजार पाउंडांच्या वर, आणि पाउंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास. व्हिसाची फी ३६३ पाउंड. त्यावर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार, विद्यार्थ्यांना वर्षाला ४७०. पण कोर्स संपल्यावर चार महिने जास्तीचे मिळतात म्हणून तो दीड वर्षाचा धरतात, म्हणजे ७०५. शिवाय लंडनबाहेर राहणार असाल तर महिन्याला १,०२३ याप्रमाणे नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च, ९,२०७ पाउंड, खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवायचं. आता हे सगळंच वाढलंय, एकटा अधिभार वर्षाला ७७६ झालाय, तेव्हा माझ्या हिशेबावर कुणी कर्ज काढू नका.

फीसाठी आम्ही घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं. राहण्याचे पैसे आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, उभे केले. आमचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. मोठा कारखाना नाही, एका शेडमध्ये मावतील एवढेच. अशा धंद्यात खात्यात पैसा पडून राहत नाही. व्यापाऱ्याकडून आलेला सकाळचा पैसा संध्याकाळी सुतवाल्याकडे जातो, उरलेला आठवड्याच्या पगाराला. ते २८ दिवस आप्पा सारखे पासबुक बघायचे आणि सुतवाल्याचा फोन उचलायचे नाहीत. पैसे आहेत पण देता येत नाहीत, हे त्याला काय म्हणून सांगणार? शेवटी एकदा सांगितलंच, तर तो म्हणाला, "अहो मग आधीच बोलायचं की, पोरीचं शिक्षण आहे." महिनाभर थांबला. व्याज लावलं, ती गोष्ट वेगळी.

बाकी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई, टीबीसाठी छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, रात्रीच्या गाडीने परत. हा भाग सगळ्यांचा सारखाच असतो, सोडून देते.

राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबरला गेली आणि १९ तारखेला अंत्यविधी, देशभर सुट्टी. मी त्याच सुमारास उतरले. विद्यापीठ बंद, दुकानं बंद, खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो माणूसही सुट्टीवर. मग २३ तारखेला नव्या सरकारने करकपातीचं मिनी-बजेट मांडलं आणि पाउंड आपटला, डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकापर्यंत गेला. आप्पांचा फोन आला. "पाउंड पडला म्हणं. फी भरून झाली का सगळी?" झाली होती. "बरं, जेवलीस का?" म्हणाले.

"टॉवेल शिकायला विलायतेला?" हे मामा जाण्याआधीपासून विचारत होते, आणि प्रश्न बिनतोड होता. ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला वीस वर्षांपूर्वीच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथली पोरगी टॉवेल शिकायला तिकडे कशाला जाईल? आप्पा सूत दोन बोटांत फिरवून काउंट, म्हणजे सूत किती जाड-बारीक, ते सांगतात. टॉवेलच्या लूमला ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, दोन बीम लागतात, एक घट्ट ताणलेलं, दुसरं सैल. दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, विणलेल्या कापडापासून थोडे दूरच सोडायचे आणि तिसरा टाकला की तिन्ही एकदम घट्ट ठोकायचे. त्या ठोक्यात सैल सूत वर उचललं जातं आणि लूप उठतो. हे मला शाळेत असताना शेडमध्ये डबा नेऊन देता देता कळलेलं. लीड्समध्ये पहिल्या महिन्यात तेच स्लाइडवर आलं तेव्हा मला आमच्या कर्जाची काळजी वाटली.

पण लीड्सची गोष्ट सोलापूरकराला लगेच समजण्यासारखी आहे. तिथलं जुनं विद्यापीठ ज्या यॉर्कशायर कॉलेजातून वाढलं ते १८७४ साली निघालं, आणि कापडाचं शिक्षण देण्यासाठी लंडनच्या क्लोथवर्कर्स कंपनीने, म्हणजे कापडवाल्यांच्या जुन्या संघाने, पैसा पुरवला. आपली सोलापूरची 'जुनी गिरणी' सुरू झाली १८७७ ला. आता तिकडे मोठ्या गिरण्या उरल्या नाहीत, इकडेही नाहीत. आर्मली मिल्स ही एकेकाळी जगातल्या मोठ्या लोकरीच्या गिरण्यांपैकी एक. ती १९६९ ला बंद पडली आणि १९८२ पासून म्युझियम आहे. ट्रेनने पंधरा मिनिटांवर सॉल्टेअर. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकाने १८५३ मध्ये उघडलेली सॉल्ट्स मिल आणि भोवती कामगारांसाठी वसवलेलं गाव. गिरणी १९८६ ला थांबली. आज आत डेव्हिड हॉकनीची चित्रं, पुस्तकांचं दुकान, कॉफी. लोक रविवारी लेकरांना घेऊन येतात. मी तिथून आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. आजोबा सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांनी खांब बघितले, छत बघितलं, खिडक्या परत दाखवायला सांगितल्या. मग विचारलं, "मशिनी कुठं गेल्या?"

विकल्या असतील म्हटलं.

"आणि कामगारांची देणी?"

मी भिंतीवरच्या पाट्या पुन्हा एकदा फिरून वाचल्या. हॉकनीबद्दल पुष्कळ होतं.

पहिल्या निबंधाला मला ५८ मार्क मिळाले. तिथे मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ८० कुणाला मिळालेले मी तरी पाहिले नाहीत. आईला ५८ सांगितलं तर तिने शेजारी विषय काढायचं बंद केलं. मार्कांपेक्षा मला समासातल्या खुणा झोंबल्या. मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की सोलापूरचा टॉवेल इतरांपेक्षा जास्त पाणी पितो, की इथल्या विणकरांचं कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, की लहान कारखानदार नव्या मशिनरीला नाखूष असतात. प्रत्येक वाक्याशेजारी बाईंनी पेन्सिलीने एकच विचारलं होतं: कशावरून? मला राग आला. कशावरून म्हणजे काय, आम्ही सोलापूरचे आहोत! पण तेवढ्यावर मार्क देत नाहीत.

म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला घरचे टॉवेल घेतले. चाचणीआधी कापड २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मुरवावं लागतं, प्रमाण हवा तीच. आमचे टॉवेल एमआयडीसीतल्या मे महिन्यात जन्मलेले. त्यांना एवढी खातिरदारी आयुष्यात मिळाली नसेल. मग टॉवेलचा तुकडा तिरका धरून त्यावर ठरावीक पाणी सोडायचं आणि किती शोषलं, किती खाली गळलं ते मोजायचं. कोऱ्या टॉवेलवरून बरंचसं पाणी सरळ ओघळून गेलं. धुतलेल्याने ते पिऊन टाकलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं तर कुणीही सांगेल. नवा टॉवेल आधी भिजवायचा असतो." बरोबर आहे, पण का? शेवटच्या फिनिशिंगला जो सॉफ्टनर मारतात तो सुतावर पातळ थर धरतो आणि पाण्याला आत येऊ देत नाही. दुकानात हात फिरवल्यावर जो मऊपणा लागतो तो त्याचाच.

"मग सॉफ्टनर कमी मारला तर?"

"दुकानात कडक लागेल."

"मग गिऱ्हाईक हात लावून पुढं जाईल. तुमच्या खोलीत गिऱ्हाईक नसतंय."

हेही मी रिपोर्टमध्ये लिहिलं, माझ्या भाषेत. त्या वेळी मार्क बरे आले.

राहायला मी हाइड पार्क भागात होते, नाव लंडनच्या बागेचं पण वस्ती विद्यार्थ्यांची. घर बॅक-टू-बॅक. म्हणजे दोन रांगांच्या घरांची मागची भिंत एकच. मागे दार नाही, परस नाही, खिडक्या फक्त रस्त्याच्या बाजूला. गिरणीकामगारांसाठी बांधलेला हा प्रकार. इंग्लंडने १९०९ च्या कायद्याने तो बंद केला, पण लीड्समध्ये १९३७ पर्यंत बांधतच राहिले. सोलापूरच्या गिरणगावातल्या आजोबांच्या चाळीला निदान मागचं दार होतं. त्या हिवाळ्यात विजेचे आणि गॅसचे भाव आकाशाला भिडले होते, घरमालकाने हीटिंगवर मर्यादा घातली आणि खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. डिसेंबरात पावणेचारला अंधार. सोलापुरात गच्चीवर टाकलेला टॉवेल चहा होईपर्यंत वाळतो. तिथे दोन-दोन दिवस ओलाच, आणि त्याला जो वास यायचा तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

जेवणाचं विचाराल तर हाल झाले नाहीत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी या दोन गोष्टी देवाने परदेशी जाणाऱ्यासाठीच केल्या आहेत, आणि ज्वारीचं पीठ लीड्सच्याच हेअरहिल्स भागात मिळायचं.

सत्रात आठवड्याला वीसच तास काम करता येतं. मी एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले, तासाला साडेनऊ पाउंड, तेव्हाचा किमान दर. काम काय, तर टॉवेल घडी घालणं. हे घरी सांगितलं तेव्हा आप्पा खूप वेळ हसले. मी सवयीने लेबलं बघायची: पाकिस्तान, तुर्कस्तान, पुन्हा पाकिस्तान. वजनाला, लूपला आपल्या मालापेक्षा फार निराळं काही नाही. मग शोधलं तर कळलं की पाकिस्तानचा टॉवेल तेव्हा ब्रिटनमध्ये बिनशुल्क यायचा आणि आपल्यावर आयात शुल्क लागायचं. टॉवेलसारख्या मालात, जिथे व्यापारी नगामागे पैशापैशाची घासाघीस करतो, तिथे एवढा फरक पुरतो. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि त्यात कापडावरचं शुल्क काढायचं ठरलं, तेव्हा मी आप्पांना बातमी दाखवली. "सुताचा भाव कोण काढणार?" म्हणाले. त्यांना कुठलीही चांगली बातमी सुताच्या भावावर आणून ठेवता येते.

नोव्हेंबरात प्राध्यापकांचा संप झाला. खरंच. दीडशे विद्यापीठांतले सत्तर हजारांवर कर्मचारी, पगार आणि पेन्शनसाठी, तीन दिवस. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा कितीतरी दिवस, आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पेपर तपासण्यावर बहिष्कार. ज्यांनी कालपर्यंत संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर तास घेतला होता ते हातात फलक धरून पावसात गेटवर उभे. वर्गातल्या एकाने फीला तासांनी भागून एका बुडालेल्या लेक्चरची किंमत काढली आणि ग्रुपवर टाकली. सगळे चिडले, मीही. घर तारण होतं हो. गेट ओलांडून ग्रंथालयात जावं की नाही हे ठरेना म्हणून आजोबांना फोन लावला. त्यांनी शिक्षकांचा पगार किती असतो, पेन्शनचं भांडण काय आहे, सगळं नीट विचारून घेतलं. आकडे ऐकून म्हणाले, "चांगला आहे की पगार." आणि लगेच, "पण संप चालू असताना आत जायचं नसतंय." मी त्या तीन दिवशी घरात रजई घेऊन वाचत बसले. आमचं कर्ज आणि आजोबांचा संप यांचा मेळ मला आजही घालता आलेला नाही.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, चुकला. भावाने नंदीध्वजांचे व्हिडिओ पाठवले आणि त्याच दिवसांत चार हुतात्मा चौकातल्या पुष्पहारांचे फोटो आले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे; १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. ही नावं आम्हाला शाळेत पाढ्यांच्या आधी आली. सोबतच्या ब्रिटिश मुलीला सांगितलं की आमच्या गावात १९३० च्या मे महिन्यात तुमच्या सरकारने मार्शल लॉ लावला होता, तर तिने ऐकलंच नव्हतं. ती बिचारी तरी काय करणार, आमच्या पुण्यातल्या मैत्रिणींनीही ऐकलेलं नसतं. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या जुन्या नोंदी ऑनलाइन आहेत. जुन्या स्पेलिंगने शोलापूर टाकलं तर १९३० सालची प्रश्नोत्तरं समोर आली. मंत्री उत्तर देतोय, इकडच्या अधिकाऱ्यांकडून आलेल्या तारांच्या आधारावर, शांत, सभ्य, सरकारी इंग्रजीत. मी प्रिंट काढली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: कशावरून? कुणाला दाखवायला नाही. पण ती पेन्सिल माझ्या हातात आल्याचं मला बरं वाटलं, आणि चौकातल्या भाषणांकडेही मी आता त्याच पेन्सिलीने बघते, हे आजोबांना फारसं आवडत नाही.

प्रबंधाला विषय घेतला सोलापूरच्या लहान टॉवेल कारखानदारांचा: जुने शटल लूम सोडून रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे लूम, का घेत नाहीत? निबंधात जे ठोकून दिलं होतं तेच आता शोधायचं. मुलाखती घ्यायच्या, आप्पांपासून सुरुवात. वाटलं, फोन लावला की झालं. तर नाही. माणसांशी बोलून संशोधन करायचं असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. कुणाशी बोलणार, काय विचारणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार (विद्यापीठाच्या सर्व्हरवर, स्वतःच्या फोनमध्ये नाही), त्या माणसाला त्रास होण्याची शक्यता किती. बाईंनी वेगळं सांगितलं की पहिला माणूस तुझे वडील आहेत हे लपवू नकोस, प्रबंधात लिही, आणि त्यामुळे उत्तरांवर काय परिणाम झाला असेल तेही लिही. सोबत माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ते मराठीत केलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कारखानदारांसाठी वर्गातल्या एका तेलुगू मुलाकडून तेलुगूतही करून घेतलं.

आप्पा सही करेनात.

"सही कशाला? बोलतो की मी. सही कशाला लागतीय?" एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यापासून त्यांना कोऱ्या किंवा छापील, कुठल्याही कागदाची धास्ती आहे. "जीएसटीवाल्यांकडं जाणार का हे?" नाही जाणार. "मग कुठं जाणार?" लीड्सला. "लीड्सला कुणाला वाचायचंय?" मी व्हिडिओ कॉलवर माहितीपत्रक ओळीओळीने वाचून दाखवलं. तुमचा सहभाग ऐच्छिक आहे. तुम्हाला नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नाही. कोणतंही कारण न देता माघार घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. इथे स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मला नाही दिला लग्नात असा कागद कुणी."

शेवटी कागद त्यांच्या सीएकडे गेला. सीएने चष्मा लावून वाचला आणि सही करा म्हणाला. आप्पांनी सही केली आणि शेजारी फर्मचा गोल शिक्काही मारला, म्हणजे काम पक्कं.

मुलाखत रविवारी दुपारी, लूम बंद असताना. यादीतला पहिला प्रश्न: आपला या व्यवसायातला अनुभव किती वर्षांचा? "तुला माहीत नाही का?" माहीत आहे, पण तुम्ही सांगायचं आहे. "काय करायलीस तू तरी," म्हणून सांगितलं. पाचेक मिनिटांत मात्र त्यांची बसायची पद्धत बदलली. मुलीशी बोलतात तसं न बोलता ते व्यापाऱ्याशी बोलतात तसं बोलायला लागले, सरळ, हिशेबाने. रेपियरची किंमत, त्याला लागणारी सलग वीज आणि चांगलं सूत, एक माणूस किती लूम बघेल आणि मग उरलेल्या कामगार अण्णांना काय सांगायचं, मशिनरीवरची केंद्राची अनुदान योजना मार्च २०२२ मध्ये कशी संपली. मी टिपत होते. मग यादीतला पुढचा प्रश्न विचारला: पुढच्या दहा वर्षांत गुंतवणुकीचा विचार आहे का?

"कुणासाठी?" म्हणाले. "पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर आहे. तू टेक्स्टाइल शिकलीस, म्हणजे तू आता लूम चालवणार नाहीस. हे आहेत तेवढे माझ्याबरोबर जातील."

घरात असताना हे कधी बोलले नव्हते. रेकॉर्डर चालू होता म्हणून बोलले, की शिक्का मारला होता म्हणून, मला सांगता येत नाही. मी यादीतला पुढचा प्रश्न विचारला, कारण विचारायचा तोच होता.

बाकीच्या कारखानदारांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. अनुदान, वीज, सूत ही कारणं सगळे सुरुवातीला देत. अर्ध्या तासानंतर मुलांचा विषय निघे. मुलगी कॅनडात, मुलगा बंगळुरूला, धाकटा यूपीएससी करतोय. ते प्रकरण प्रबंधातलं सगळ्यात चांगलं आहे असं बाई म्हणाल्या. मुलाखत घेणारी स्वतः त्याच मुलांपैकी एक आहे, हे मी एका परिच्छेदात लिहिलं, सांगितलं होतं तसं.

प्रबंधात नावं द्यायची नसतात. आप्पा झाले 'सहभागी १'. परत आल्यावर मी त्यांची पानं मराठीत वाचून दाखवली तेव्हा ते नाराज झाले. "माझं नाव कुठंय? बोललोय मी, सही केलीय मी." नियम समजावला. त्यांना तो पटला नाही, आणि खरं म्हणजे मलाही पुरता पटलेला नाही. लपायचं कुणाला होतं? शिवाय मी एका ठिकाणी शेडच्या दारातल्या लिंबाच्या झाडाचा उल्लेख केला होता, तेवढ्यावरून एमआयडीसीतल्या दोघातिघांनी सहभागी १ कोण ते ओळखलं.

मामांचा प्रश्न अजून उभाच आहे. त्या वर्षात मला टॉवेलविषयी आप्पांना ठाऊक नसलेलं फार थोडं कळलं. जे ठाऊक आहे ते कशावरून, हे विचारायची आणि विचारलं तर न चिडण्याची सवय लागली. तिची किंमत घराएवढी आहे का? ज्यांच्याकडे दोन घरं आहेत त्यांनी खुशाल होय म्हणावं. आमचा हप्ता अजून चालू आहे, आणि मी तो इथे एका निर्यातदाराकडे क्वालिटीचं काम करून भरते. लाँड्रीतल्या तासाला साडेनऊच्या हिशेबाने बघितलं तर हसू येतं.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका काकू मुलाला घेऊन आल्या. त्याला जानेवारी २०२६ च्या बॅचला ॲडमिशन मिळत होती. कन्सल्टन्सीने सांगितलं होतं की सल्ला फुकट आहे आणि कोर्सनंतर दोन वर्षं नोकरीला थांबता येतं. मी म्हटलं, सल्ला फुकट असतो कारण कमिशन विद्यापीठ देतं. कुठल्या विद्यापीठाकडून किती मिळतं ते विचारा, रागावतील, तरी विचारा. आणि दोन वर्षांचं कशावरून? १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, ती मुदत दीड वर्षाची होतेय. याचा कोर्स संपायलाच जानेवारी २०२७ उजाडणार. आधीच्या सप्टेंबरच्या बॅचला गेला असता तर दोन वर्षं मिळाली असती. काकूंनी कन्सल्टन्सीत जाऊन हे विचारलं. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि सरांना विचारून सांगते म्हणाली.

पोरगा गेला शेवटी, जानेवारीलाच. दीड वर्ष तर दीड वर्ष म्हणाला. काकूंचा राग मुदतीवर नाही, ऐन गड्ड्याच्या तोंडावर विमान धरलं यावर आहे.